लायलला कुणी घेईना

माझा धाकटा भाऊ लायल बर्फावरची हॉकी खेळायचा. गोल मारणाऱ्यांतला नव्हे, बचाव फळीतला. त्या जागेवरच्या माणसाचं नाव पेपरात येतं ते त्याच्या हातून चूक झाली तरच. लायलचं फारसं यायचं नाही, म्हणून आमचे वडील खूश असायचे. "पेपरात नाव नाही म्हणजे पोरगा काम करतोय," असं ते कोठारावरच्या माणसांना ऐकवायचे. मॅनिटोबातल्या आमच्या गावाच्या टोकाला धान्याचं उंच कोठार आहे. वडिलांनी, म्हणजे आमच्या तातोंनी, उभा जन्म तिथे गव्हाचे ट्रक काट्यावर चढवण्यात आणि धूळ गिळण्यात घालवला.

क्लबांनी लायलला तीन वेळा एकमेकांकडे दिलं-घेतलं. या धंद्यात ते चालायचंच. पण त्याला ते नेहमी सगळ्यांच्या शेवटी कळायचं. एकदा तर पेट्रोल भरताना कळलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "अरे, तू अजून इथेच? तुला तर सकाळीच देऊन टाकलंय ना?" तिसऱ्या खेपेला त्याची बायको कोरीन गरोदर होती, दिवस भरत आले होते. क्लबाचा निरोप आला तसा लायल विमानात बसला. धाकटी मुलगी झाली तेव्हा कोरीनजवळ एक शेजारीण होती आणि घरात सामान बांधणारी माणसं. नंतर ती मला फोनवर म्हणाली, "लारिसा, मी नवऱ्याशी लग्न केलंय की पार्सलाशी?"

म्हणून पुढे लायलच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा करार ठरत होता, तेव्हा कोरीननं पगाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिची अट एकच होती: लायलच्या परवानगीवाचून त्याला दुसऱ्या कुठल्याही क्लबाकडे पाठवायचं नाही. त्याचे करारमदार बघणारा बर्नी कुरकुरला, पण अट घालून घेतली. करार सहा वर्षांचा होता. क्लब तिकडे दक्षिणेत, जिथे ख्रिसमसला लोक अर्ध्या चड्डीत फिरतात. कोरीननं लग्नानंतर पहिल्यांदा घरातली सगळी खोकी उघडली आणि ती रिकामी खोकी टाकूनही दिली.

दुसऱ्याच वर्षी लायलचा डावा गुडघा गेला. समोरचा धिप्पाड गडी त्याला घेऊन रिंगणाच्या कडेच्या फळ्यांवर आदळला, आणि त्याचा पाय बर्फात रुतून बाकीचं अंग फिरलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो परत आला, सरळ रेषेत पूर्वीसारखा पळायचाही, पण डावीकडे वळताना त्याला क्षणभर विचार करावा लागायचा. बर्फावर विचार करायला कुणी वेळ देत नाही. जे लोक त्याच्या नावानं टाळ्या वाजवायचे तेच आता ओरडू लागले, "पैसे परत दे!" नवा प्रशिक्षक आला आणि त्यानं लायलला सूट घालून गॅलरीत बसवलं. मोठ्या पगाराचा माणूस सामन्याला सूट घालून बसतो तेव्हा टीव्हीवाले मुद्दाम कॅमेरा त्याच्यावर धरतात.

त्याच शरदात तातोंचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभराच्या धुळीनं फुप्फुसं चामड्यासारखी झालीत, वर्ष काढलं तरी खूप. नाकात ऑक्सिजनची नळी आली. आई तर आधीच गेलेली. तातोंना मी माझ्याकडे आणलं. माझा नवरा केन लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस घरात नसतो. मी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात जायची आणि दुपारी येऊन तातोंचं बघायची.

लायलनं बर्नीला सांगितलं, "मला आमच्याकडच्या क्लबात पाठव. घरापासून तीन तासांवर आहे. मी स्वतःच परवानगी देतोय, मग अडलंय कुठे?"

आम्हालाही तसंच वाटलं. ज्याला जायचंय तो पाठवा म्हणतोय, ज्यांच्याकडे आहे त्यांना तो नकोसा झालाय, आणि आमच्याकडचा क्लब ये म्हणतोय. कारण तिथला प्रशिक्षक लायलला पोरवयापासून ओळखायचा. लग्न ठरायला आणखी काय लागतं?

बर्नी त्या दिवसांत आमच्या भागातला एक नवा खेळाडू बघायला आला होता. जाताना तो माझ्याकडे डोकावला. स्वयंपाकघरात तातोंच्या समोर बसून त्यानं घोडं कुठे अडतंय ते सांगितलं.

"इच्छा सगळ्यांची आहे, लारिसा. पण प्रत्येक क्लबाला खेळाडूंच्या पगारांची मर्यादा घालून दिलेली आहे. सगळे मिळून एवढेच, त्याच्यावर दमडी नाही. आणि जिंकू बघणारा प्रत्येक क्लब त्या मर्यादेला टेकलेला असतो. लायलचा पगार म्हणजे मोठं ओझं. ते ठेवायचं कुठे?"

मला काही समजलं नाही. तातोंना लगेच समजलं. नळी सारखी करत ते म्हणाले, "म्हणजे ट्रकसारखं. तुला माझा गहू हवाय, मलाही तो द्यायचाय, पण तुझा ट्रक आधीच भरलेला. हमरस्त्यावर काट्यावर धरतील तुला."

"अगदी तसंच, मिस्टर प्रोकोपचुक."

"मग ट्रकातून काहीतरी उतरव."

"तिथेच तर गोम आहे. तुम्ही उतरवलेलं घ्यायचं कुणी?"

तातो हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि बर्नी बिचारा घाबरून उभाच राहिला.

पहिला प्रयत्न डिसेंबरात झाला. आमच्याकडचा क्लब लायलच्या पगाराइतक्याच पगाराचा एक माणूस बदल्यात द्यायला तयार झाला. ओझ्याला ओझं, काटा सारखा. पण त्या माणसाच्या करारातही तीच परवानगीची अट होती, आणि त्यानं चक्क नाही म्हणून सांगितलं. त्याच्या बायकोनं नुकतंच घर लावलं होतं म्हणे. लायल फोनवर त्या दोघांना यथेच्छ शिव्या घालत होता. मागून कोरीनचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "त्या बाईला काही बोलू नकोस. ती बाई म्हणजे मीच आहे."

दुसरा प्रयत्न जानेवारी उलटताना. या वेळी बर्नीनं तीन क्लब एकत्र आणले. मधला तिसरा क्लब लायलचा अर्धा पगार आपल्या अंगावर घेणार, आणि त्याबद्दल पुढच्या वर्षी एक नवा खेळाडू निवडायचा हक्क मिळवणार. उरलेल्या अर्ध्यासाठी आमच्याकडच्या क्लबात जागा होती. त्यांचा गोलकीपर जखमी होऊन हंगामभर बाहेर बसला होता, आणि अशा माणसाचा पगार तेवढ्यापुरता मोजत नाहीत. गुरुवारी दुपारी सह्या व्हायच्या, शनिवारी लायल आमच्या बर्फावर खेळायचा.

मी तातोंना सांगितलं. तातोंनी मोरोझला सांगितलं. हॅरी मोरोझ हा त्यांचा कोठारावरचा जुना जोडीदार, त्याला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. चर्चच्या सभागृहात बायकांनी ढिगानं पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्या, वळायला घेतल्या. शनिवारच्या सामन्याला जायला बस ठरली. ऑक्सिजनची छोटी टाकी बसमध्ये कशी न्यायची याची चौकशी मोरोझनं दवाखान्यात जाऊन केली. तातोंनी काळा कोट धुऊन आणायला लावला.

"तातो, कोट सैल होईल तुम्हाला आता," मी म्हणाले.

"आतून स्वेटर घालीन. प्रोकोपचुकचा बाप हडकुळा आहे असं नको म्हणायला कुणी."

गुरुवारी सकाळी गोलकीपरच्या डॉक्टरनं त्याला तंदुरुस्त ठरवलं. हंगाम संपायच्या कितीतरी आधीच. तो खेळायला उभा राहिला, त्याचा पगार परत मोजण्यात आला, आणि लायलसाठी ठेवलेली जागा जेवणाच्या वेळेपर्यंत नाहीशी झाली. बर्नीचा फोन आला तेव्हा मी शाळेत सूप ढवळत होते.

घरी आले तर तातो कोट घालून आरशासमोर उभे. सैल होतो का ते बघत होते. मी जे होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "बरा झाला होय गोलकीपर? चांगलं झालं बिचाऱ्याचं." मग बाहीतून हात निघेना, तो मी काढून दिला.

बसचं भाडं भरलेलं होतं, म्हणून गावची मंडळी सामन्याला गेली. आमचा क्लब जिंकला. त्या गोलकीपरनं म्हणे फार सुरेख अडवलं.

त्यानंतर दक्षिणेतल्या क्लबानं लायलला आपल्याच खालच्या संघात धाडलं. परवानगीची अट दुसऱ्या क्लबांबद्दल होती, खालच्या संघाबद्दल कुणी लिहून घ्यायचं सुचलंच नव्हतं. तिथे धाडलं की पगाराचा थोडा तुकडा मर्यादेतून वजा होतो, तेवढाच त्यांना उपयोग. हा तेहतिशीचा माणूस वीस-बावीसच्या पोरांबरोबर बसनं गावोगाव हिंडायला लागला. पोरं त्याला 'काका' म्हणायची, आणि त्यातलं एक चुणचुणीत पोर रोज विचारायचं, "काका, तुझ्या पगारात आमची आख्खी बस येईल का रे?" लायल मला हे हसत सांगायचा. फोन ठेवला की मात्र मला काही काम सुचायचं नाही.

उन्हाळ्यात तो आमच्याकडे आला. तातो तोवर पलंगावरून खुर्चीपर्यंत जायलाही धापा टाकायचे. एका दुपारी आम्ही दोघं मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसलो होतो, तेव्हा बर्नीचा फोन आला. लायलनं तो मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"एक क्लब तयार आहे. पार पश्चिम किनाऱ्यावरचा."

"तो तर अजून लांब पडतो, बर्नी."

"ऐकून घे. त्यांचे सगळे खेळाडू कोवळे, स्वस्तातले. जशी वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. अमुक इतका खर्च दाखवावाच लागतो. तेवढा त्यांचा भरत नाहीये. त्यांना तुझा पगार हवाय."

"आणि मी?"

"तू नकोस. डॉक्टरनं गुडघा संपला म्हणून लिहून दिलं की बहुतेक पैसे विमा कंपनी देते. त्यांचा खर्च कागदावर दिसतो, खिशातून फारसा जात नाही. तू राहा कुठेही. वडिलांजवळ राहा. फक्त परत बर्फावर दिसायचं नाही. गावच्या रिंगणातसुद्धा नाही. कुणी फोटो काढला तर सगळेच गोत्यात येऊ."

"गुडघा संपलेला नाहीये माझा."

"एका डॉक्टरला विचारलंस तर संपला म्हणेल. दुसऱ्याला विचारलंस तर अजून एखादा हंगाम ढकलेल म्हणेल. लबाडी कुणालाच करावी लागणार नाही, लायल."

फोन बंद झाल्यावर लायल बराच वेळ रिकाम्या शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"तू इथे हवास मला," मी म्हणाले. "मला एकटीला उचलवत नाहीत ते."

त्यानं परवानगी दिली. डॉक्टरनं लिहून दिलं. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माझा भाऊ एका अशा क्लबाचा खेळाडू झाला, ज्याचं गाव त्यानं कधी धड पाहिलंही नाही.

कोरीन आली नाही. ती भांडलीही नाही. मला म्हणाली, "मुलींनी एका घरात वाढावं म्हणून मी ती अट मागून घेतली होती, लारिसा. कुणी त्याला आमच्यापासून उचलून नेऊ नये म्हणून. आता कुणी नेत नाहीये, तो आपणहून निघालाय. त्याचं चुकतंय असं नाही म्हणत मी. पण मी परत खोकी बांधणार नाही."

तातोंना आम्ही अर्धवटच सांगितलं होतं. गुडघ्याला विश्रांती दिलीये, नंतर बघू. ते मानायचे. लायल त्यांना अंघोळ घालायचा, पाठ चोळायचा, टाकी बदलायचा. तातोंची नेहमीची कुरबुर चालायची, "अरे हळू! मी म्हणजे काय फळ्यांवर आदळायचा गडी आहे का?" ते दोन-तीन महिने बरे गेले, असं मला आता वाटतं.

मग एकदा मोरोझ पत्ते खेळायला आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पानं पिसता पिसता म्हणाला, "वसिल, तुझ्या पोराचं नशीब बघ. बर्फावर पाय ठेवायचा नाही म्हणून पगार मिळतो लेकाला! मला असा एखादा गुडघा देऊन गेला असता देव, तर मी धूळ कशाला खाल्ली असती?"

तातोंनी हातातली पानं उपडी ठेवली. मोरोझ गेल्यावर त्यांनी लायलला समोर उभं केलं.

"खरं आहे हे?"

"गुडघा खराब आहे, तातो."

"मी गुडघ्याचं विचारलं नाही. खेळता येत असताना येत नाही म्हणून लिहून दिलंस?"

लायलनं टेबलावरची पानं गोळा करायला घेतली.

"चाळीस वर्षं मी काट्यावर उभा होतो," तातो म्हणाले. श्वास पुरेना, एकेक शब्द सुटा सुटा येत होता. "एकाही ट्रकाचं वजन खोटं सांगितलं नाही. मी तुला ये म्हणालो होतो? खेळ टाकून माझ्या मरणाची राखण करायला बसलास?"

"तुमच्याजवळ असावं म्हणून आलो."

"मला खेळणारा पोरगा होता. हा कोण आणून ठेवलाय घरात?"

त्या दिवसापासून ते लायलशी बोलेनासे झाले. काही हवं असलं तर मला हाक मारायचे, आणि मी शाळेत असले तर ताटकळत बसायचे. लायल न बोलता करत राहिला. त्यांना उचलून खुर्चीत ठेवायचा तेव्हा ते मान दुसरीकडे वळवायचे. ख्रिसमस ईव्हला आमच्या युक्रेनी रिवाजाप्रमाणे बारा पदार्थ झाले, गव्हाची खीर झाली, तातोंनी सगळ्यांच्या कपाळाला मध लावला. लायलच्याही लावला, पण तोंडानं एक शब्द नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी लायल त्यांची दाढी करत होता. मी भांडी पुसत होते. तातो एकदम म्हणाले, "गुडघा दाखव."

लायलनं वस्तरा खाली ठेवला आणि पँट वर ओढली. तातो खुर्चीतून वाकले. तोंडाला फेस तसाच. त्यांनी अंगठा त्या शिवणींवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, मग वाटी धरून जरा हलवली. ती नको तितकी हलली.

"दुखतो?"

"दुखतो."

"रोज?"

"जिना उतरताना. आणि तुम्हाला उचलताना."

तातो मागे टेकले. "सांगायचं नाही का मग," म्हणाले. "कर, पुरी कर दाढी. गार झालं पाणी."

त्यानंतर ते बोलायला लागले, पण बोलायला दम उरला नव्हता. मार्चमध्ये ते गेले. जमीन इतकी गोठलेली होती की कबरीसाठी शहरातून यंत्र मागवावं लागलं. कोरीन मुलींना घेऊन आली, आठवडाभर राहिली, बायकांबरोबर सभागृहात पिरोही वळल्या. मोरोझ कबरीपाशी लायलजवळ गेला आणि काहीतरी म्हणू लागला. लायलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे, हॅरी."

तातो गेले तरी करार उरलेलाच होता. किनाऱ्यावरच्या क्लबाची गरज संपली तशी त्यांनी लायलचा पगार दुसऱ्या एका क्लबाकडे सरकवला, त्यांनी आणखी कुणाकडे. दर वेळी परवानगी विचारायला बर्नीचा फोन यायचा.

"या खेपेला कुठे चाललोय मी?" लायल विचारायचा.

"तुला काय फरक पडतो?"

"मला नाही. मुली नकाशात शोधतात."

दक्षिणेकडच्या त्याच्या फेऱ्या हळूहळू कमी झाल्या. कोरीननं घटस्फोट मागितला तो शांतपणे, आणि त्यानंही तसाच दिला. मुली उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे येतात. लायल गावात राहिला, शाळेची बस चालवायला लागला. गावातली माणसं त्याला चांगलं वागवतात. पण शनिवारी सगळे टीव्हीवर सामना बघायला जमतात तेव्हा त्याला बोलवायचं की नाही, हे त्यांना अजून ठरवता येत नाही.

करार संपला तो जूनअखेर, तेव्हा कुठे बर्फ नसतो. नोव्हेंबरात गावच्या रिंगणात बर्फ धरला, तसा तो एका दुपारी मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर." आत कुणी नव्हतं. त्यानं बाकावर बसून स्केटिंगचे बूट चढवले आणि फळीला धरत बर्फावर उतरला. सरळ गेला, छान गेला. मी कठड्याला टेकून बघत होते. पलीकडच्या टोकाला डावीकडे वळताना पाय खालून निघाला. तो उठला, पुन्हा वळायला गेला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो वळायला गेलाच नाही. फळी धरून धरून परत आला.

"इतकी वर्षं मला वाटत होतं की मी खोटं बोलून बसलोय," बाकावर बसत तो म्हणाला. "खोटं नव्हतंच ते. तेव्हाच संपला होता बहुतेक."

"मग बरं वाटतंय का जरा?"

त्यानं विचार केला. "नाही," म्हणाला.

गुडघा सुजायला लागला होता, त्यामुळे त्याला वाकता येईना. मी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.